बारा-तेराचा पाना

रविवारी सकाळी लखनौच्या चौक भागातून नखासकडे निघालेल्या माणसाने चालीची घाई करू नये. बाजार रस्त्यावरच मांडलेला असतो. पिंजऱ्यातले पोपट नि कबुतरं, उतरवलेले कोट, काटे थांबलेली घड्याळं, पात्यांविना पंखे, आणि मधूनमधून गोणपाटावर ओतलेला काळपट लोखंडाचा ढीग. अरबीत गुलामांच्या आणि जनावरांच्या व्यापाऱ्याला 'नख्खास' म्हणत. उत्तर हिंदुस्थानातल्या अनेक जुन्या शहरांत या नावाचा मोहल्ला सापडतो आणि तो एके काळचा घोडेबाजार असतो. लखनौच्या नखासात आता घोडा मिळत नाही, पण अश्वशक्तीच्या दुरुस्तीचं सामान मात्र ढिगाने मिळतं.

त्या गोणपाटापुढे उकिडवी बसलेली माणसं पाहण्यासारखी असतात. पाना उचलायचा, अंगठ्याने गंज पुसायचा, उजेडाकडे धरून कोरलेला आकडा वाचायचा आणि बहुतेक वेळा परत ढिगात टाकायचा. गिऱ्हाइकांतले काही पेशाने मिस्त्री असतात, पण बरेचसे घरचेच उद्योगी. आपली गाडी आपणच खोलून बघायची हौस आणि नव्या संचाची किंमत, या दोहोंच्या मधला रस्ता नखासातून जातो. स्वस्तातलं कुठलं अवजार घ्यावं आणि कुठलं घेऊ नये, हा त्यांचा प्रश्न. त्याचं निम्मं उत्तर त्या कोरलेल्या आकड्यात असतं. तो आकडा कुठल्या काळातला आणि कुठल्या देशातला, हे ज्याला कळलं त्याचे पैसे वाचले.

ढिगाच्या तळाशी सर्वांत जुने पाने निघतात ते व्हिटवर्थचे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने 1841 साली स्क्रूच्या आट्यांसाठी एकच माप सुचवलं. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. व्हिटवर्थने आट्यांचा कोन 55 अंश ठरवला आणि रेल्वेपासून गिरणीपर्यंत सगळं साम्राज्य त्या कोनावर फिरू लागलं. गंमत अशी, की व्हिटवर्थच्या पान्यावर कोरलेला आकडा पान्याच्या जबड्याचा नसतो. तो असतो बोल्टच्या दांड्याचा. 'पाव इंच' असं लिहिलेला पाना प्रत्यक्षात 13.3 मिलिमीटर उघडा असतो. हे ठाऊक नसलेला माणूस तो छोटा समजून घरी नेतो आणि मग दुकानदाराला शिव्या घालतो. अवध अँड रोहिलखंड रेल्वेच्या दिवसांपासून चारबाग आणि आलमबागेत रेल्वेचे कारखाने असलेल्या या शहरात असं इंग्रजी लोखंड मुबलक असणं साहजिकच होतं. आज ते जुन्या इंग्रजी मोटारसायकली जपणाऱ्यांखेरीज कुणाच्या कामाचं नाही. ते घेऊ नये, फार तर भिंतीवर लावायला घ्यावं.

नवं सामान हवं असेल त्याला लखनौ लाटूश रोडवर पाठवतं. संयुक्त प्रांताचे 1901 ते 1906 मधले लेफ्टनंट गव्हर्नर सर जेम्स डिग्ज ला टूश यांचं हे नाव. कागदोपत्री रस्ता आता गौतम बुद्ध मार्ग आहे, पण यंत्रं, पंप, मोटरी आणि हत्यारं विकणाऱ्या दुकानांच्या बोलण्यात तो अजून लाटूशच. गाडीचे सुटे भाग आणि सजावट यांसाठी लोक लालबागेत जातात. घरगुती मेकॅनिकच्या लखनौच्या नकाशात एवढीच तीन ठिकाणं पुरतात: नखास, लाटूश रोड आणि लालबाग.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत राजधानीचं शहर म्हणून लखनौच्या रस्त्यांवर सरकारी गाड्यांचा मान मोठा, आणि सरकारी गाडी म्हणजे अ‍ॅम्बॅसिडर. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून बेतलेली ही गाडी हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला 1950 च्या दशकाअखेरीस बनवायला घेतली आणि 2014 पर्यंत बनवली. तोवर इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा यांनी 1948 मध्ये आट्यांचं सामाईक माप मान्य केलं होतं, त्यामुळे अ‍ॅम्बॅसिडरचे नट इंचाचेच, पण व्हिटवर्थचे नव्हेत. इथे आकडा जबड्याचा: सात-सोळांश, अर्धा, नऊ-सोळांश, पाऊण. देशाने 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापं स्वीकारली. भाजीवाला किलोवर आला, कापडवाला मीटरवर आला, अ‍ॅम्बॅसिडर इंचावरच राहिली.

याचा त्रास कुणाला झाला असेल तर घरच्या मेकॅनिकला. बाजारात मेट्रिक पाने स्वस्त, आणि गाडी इंचाची. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, त्यावर तेराचा पाना थोडा सैल का होईना पण चालतो. पाऊण इंच म्हणजे 19.05, तिथे एकोणीसचा जवळपास चपखल. पण नऊ-सोळांश म्हणजे 14.29. चौदाचा आत जात नाही आणि पंधराचा डुलतो. डुलणारा पाना जोर लावला की सटकतो, नटाचे कोपरे गोल होतात, बोटं सोलवटतात, आणि शेवटी छिन्नी-हातोडा घेतलेल्या मिस्त्रीला बोलवावं लागतं. 1990 च्या दशकात अ‍ॅम्बॅसिडरला इसुझूचं जपानी इंजिन मिळालं, तेव्हा तर एकाच बॉनेटखाली दोन राज्यं झाली. इंजिन मिलिमीटरचं, बाकी गाडी इंचाची. पाने दोन्ही जवळ बाळगायचे.

लखनौची खरी घरगुती दुरुस्तीची शाळा मात्र मोटारीची नव्हे, स्कूटरची. तिचा उगम मुंबईकडे जातो. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही मुंबईची कंपनी 1950 च्या दशकापासून इटलीच्या इनोसेंतीची लँब्रेटा भारतात बनवत होती. पुढे इनोसेंतीने स्कूटर बनवणं सोडलं, तेव्हा भारत सरकारने मिलानजवळची ती सगळी यंत्रसामग्री, आराखडे आणि नावाचे हक्क विकत घेतले आणि 1972 मध्ये स्कूटर्स इंडिया लिमिटेड ही कंपनी स्थापली. कारखाना आला लखनौच्या सरोजिनीनगरला, कानपूर रस्त्यावर. 1975 पासून उत्पादन सुरू झालं. देशात विकायची स्कूटर 'विजय' नावाने, परदेशी धाडायची ती 'लँब्रेटा' म्हणून. तीनचाकी 'विक्रम' इतकी रुजली की लखनौपासून डेहराडूनपर्यंत शेअर टेम्पोला माणसं आजही नुसतं विक्रम म्हणतात. नावाचे हक्क लखनौला गेल्यामुळे मुंबईच्या कंपनीला आपल्या गाडीचं नाव बदलून 'लँबी' करावं लागलं. पुण्याच्या बजाजशी स्पर्धेत विजय हरली, ती कहाणी मराठी वाचकाला नवी नाही.

त्या काळात स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. इतकी वाट पाहून मिळालेली वस्तू माणूस दुसऱ्याच्या हाती सहज देत नाही. दोन स्ट्रोकचं इंजिन पेट्रोलबरोबर ऑइलही जाळायचं. प्लगवर काजळी धरायची. पावसाळ्यात सकाळी किक मारून मारून धाप लागली, की प्लग काढा, पॉलिश पेपरने घासा, परत लावा. इग्निशनच्या पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी ठेवायची. त्यासाठी फीलर गेज नावाची पोलादी पट्ट्यांची जुडी मिळते, पण दाढीचं पातं साधारण 0.1 मिलिमीटर जाडीचं असतं आणि चार पाती एकावर एक धरली की काम भागतं. ठरावीक महिन्यांनी हेड उतरवून कार्बन खरवडायचा. एवढ्या संसाराला किती हत्यारं लागत? दहा-अकराचा पाना, एक तेरा-चौदाचा, पक्कड, लांब पेचकस आणि प्लग पाना. स्कूटरबरोबर येणाऱ्या कापडी पिशवीत यातली बरीचशी असत.

त्यातला प्लग पाना म्हणजे अजब समता. 14 मिलिमीटर आट्यांच्या जुन्या प्लगचा षटकोन 20.8 मिलिमीटरचा, म्हणजे एकवीसचा पाना. विजय असो, अ‍ॅम्बॅसिडर असो की नंतरची मारुती 800, प्लग तोच. बाकी सगळं बदललं तरी हा नळीसारखा पाना आणि त्यात खुपसायची टॉमी, बापाकडून मुलाकडे तशीच गेली. नखासात आजही हा पाना सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत कमी धोक्याची खरेदी आहे. अलीकडच्या गाड्यांना मात्र सोळाचा प्लग आला, तेव्हा आकडा पाहूनच घ्यावा.

मारुतीने घरच्या पेटीत आणखी एक उलथापालथ केली. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली आणि पुढच्या दहा वर्षांत लखनौच्या मध्यमवर्गाच्या दारात तीच गाडी उभी राहिली. गाडी मेट्रिक, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, सुटलो इंचातून. पण मेट्रिकमध्येही घराणी असतात. युरोपच्या रिवाजात आठ मिलिमीटर बोल्टचं डोकं तेराचं आणि दहाच्या बोल्टचं सतराचं. जपानी रिवाजात तीच डोकी बाराची आणि चौदाची. लँब्रेटा इटलीची, तेव्हा मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी मोटारही इटलीच्या फियाटवरून आलेली. त्यामुळे लखनौतल्या स्कूटरवाल्याच्या आणि मुंबईतल्या फियाटवाल्याच्या पेटीत तेराचे आणि सतराचे पाने झिजलेले, आणि बारा-चौदाचे कोरे करकरीत. मारुती आली आणि झिजलेले पाने बसून राहिले, कोरे कामाला लागले.

म्हणूनच बारा-तेराचा दुतोंडी पाना हा भारतीय मोटार इतिहासाचा सर्वांत छोटा दस्तऐवज म्हणावा लागेल. एका टोकाला जपान, दुसऱ्या टोकाला युरोप. आपल्याकडे आठ पान्यांचा संच सहा-सातपासून सुरू होऊन आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा करत वीस-बावीसपर्यंत जातो आणि गॅरेजातली पोरं या जोडनावांनीच पाने मागतात. लखनौत 'दस-ग्यारह', पुण्यात 'दहा-अकरा'. एकच पाना घेण्याइतके पैसे असतील तर बारा-तेराचा घ्यावा.

मराठी माणसाला लखनौ म्हटलं की विष्णु नारायण भातखंडे आठवतात. 1926 मध्ये त्यांच्या पुढाकाराने तिथे संगीताचं मॅरिस कॉलेज उभं राहिलं आणि आज त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. पण लखनौच्या गॅरेजांत महाराष्ट्राची दुसरी एक देणगी रोज हाताळली जाते. तिचा पत्ता नाशिकजवळचं सातपूर. टपारिया टूल्सने एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने 1969 मध्ये हातअवजारं बनवायला सुरुवात केली. स्वीडनशी नातं जोडलं जाणं उगाच नव्हतं. जबडा सरकवून लहानमोठा करता येणारा स्क्रू पाना योहान पेटर योहान्सन या स्वीडिश कारागिराने 1892 मध्ये पेटंट केला, आणि युरोपात काही ठिकाणी त्याला स्वीडिश किल्लीच म्हणतात. खरा मिस्त्री स्क्रू पान्याकडे नाक मुरडूनच पाहतो, आणि ते योग्यच आहे. सरकता जबडा कितीही चांगला असला तरी किंचित हलतो आणि नट खातो. नळ-दुरुस्तीला ठीक, गाडीला शेवटचा उपाय. त्याच पैशात एक चांगली पक्कड घ्यावी.

नाशिकखेरीज जालंधर, लुधियाना आणि राजस्थानातलं नागौर ही हातअवजारांची मोठी ठिकाणं. पंजाबातला माल तर युरोप-अमेरिकेत जातो. चांगल्या आणि वाईट पान्यात फरक कुठे पडतो? पोलाद तापवून साच्यात हातोड्याखाली घडवलं, म्हणजे ड्रॉप फोर्ज केलं, की पाना दमदार होतो. त्यात क्रोम-व्हॅनेडियमचं मिश्रपोलाद असेल आणि उष्णसंस्कार नीट झाला असेल तर जबडा पसरत नाही. नुसतं मऊ लोखंड कापून वर चकचकीत मुलामा दिला तर पाना दिसतो सुंदर आणि पहिल्याच गंजलेल्या नटाला तोंड वासतो. दुतोंडी उघड्या पान्यांसाठी आयएस 2028 आणि रिंग पान्यांसाठी आयएस 2029 ही भारतीय मानकं आहेत. ते आकडे आणि आयएसआयचा शिक्का कोरलेला असेल तर नखासातला जुना गंजका पानाही लाटूश रोडवरच्या नव्या चकचकीत नकलेपेक्षा चांगला. गंज रॉकेलमध्ये भिजवून निघतो, मऊपणा निघत नाही. नामांकित नावाशी जुळणारी नावं, एखादं अक्षर इकडेतिकडे करून कोरलेली, हाही या धंद्याचा जुना खेळ आहे. वाचताना चष्मा लावावा.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक प्लास्टिकची पेटी पदपथांपासून मोबाइलच्या पडद्यांपर्यंत सगळीकडे पोचली आहे. 46 नगांची. आत छोटी रॅचेट, पेचकसाची टोकं आणि चार ते चौदा मिलिमीटरच्या गोट्या, म्हणजे सॉकेट. हजार रुपयांच्या आत. या पेटीची टिंगल करणारे पुष्कळ आहेत, पण ती सरसकट टाकाऊ नाही. एअर फिल्टरचं झाकण, बॅटरीचा दहाचा नट, दिव्याचे स्क्रू, आतली पॅनेलं एवढ्यासाठी ती झकास. तिचा चौकोनी दांडा पाव इंचाचा असतो आणि भानगड तिथेच होते. छोट्या मोटारीचे चाकाचे नट साधारण 85 ते 110 न्यूटन मीटर जोराने आवळलेले असतात. त्याला सतरा, एकोणीस किंवा एकवीसची गोटी आणि अर्धा इंची दांडा लागतो. पाव इंची रॅचेटला पाइप जोडून चाक खोलायला जाणाऱ्याच्या हातात रॅचेटचे दात येतात. त्याने एक अर्धा इंची दांडा आणि गाडीला लागणाऱ्या दोनच गोट्या वेगळ्या घ्याव्यात.

जॅकच्या बाबतीत मात्र नखासचं तर्कशास्त्र सपशेल चुकतं. गाडीबरोबर येणारा कात्री जॅक चाक बदलण्यापुरता असतो. बाटली जॅक तेलाच्या दाबावर गाडी धरतो, आणि आतलं रबरी सील जुनं झालं की दाब हळूहळू उतरतो, जॅकही उतरतो. वरून रंग दिलेल्या जुन्या जॅकचं सील कुणाला दिसत नाही. तेव्हा गाडी उचलली की तिच्याखाली जॅक स्टँड हवेच. आपल्याकडे त्यांच्या जागी विटा लावायची सवय आहे, आणि वीट दाबाखाली फुटते तेव्हा आधी सांगत नाही. नवे स्टँड घेतानाही डोळे उघडे हवेत. 2020 साली अमेरिकेत स्वस्त अवजारांच्या एका मोठ्या साखळीला लाखो जॅक स्टँड परत मागवावे लागले, कारण वजन हललं की त्यांची खिट्टी सुटू शकत होती. बदली म्हणून दिलेल्या स्टँडपैकी काहींच्या वेल्डिंगमध्ये खोट निघाली आणि तेही परत मागवले. पान्यात पैसे वाचवून फसलं तर नट जातो. इथे माणूस जातो.

आणि आता पाना न लागणारी दुरुस्ती. 1 एप्रिल 2010 ला भारत स्टेज-4 ची प्रदूषण मानकं देशातल्या मोजक्या शहरांत लागू झाली, त्यांत लखनौ होतं आणि आपलं सोलापूरही. या टप्प्यावर गाडीच्या संगणकाने स्वतःचा बिघाड स्वतः नोंदवणं सक्तीचं होत गेलं. तो बिघाड वाचणारं काडेपेटीएवढं यंत्र आज काही शे रुपयांत मिळतं. त्याच्या पोटातली चिप मुळात कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीची. तिच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षणच नव्हतं. मग जगभर नकलांचा पूर आला आणि मूळ कंपनीने 2022 मध्ये दुकान बंद केलं. नकला मात्र राहिल्या. इंजिनाचा पिवळा दिवा लागला की त्याचा अर्थ सांगण्यापुरत्या त्या चालतात. स्वस्त अवजारांत सर्वांत लवकर पैसे वसूल करणारं हेच. आणि ते लाटूश रोडच्या कुठल्याही लोखंडापेक्षा हलकंही आहे.

एवढं असून आपल्याकडे घरी गाडी दुरुस्त करणारे थोडेच राहिले. मिस्त्रीची मजुरी परवडत होती, आणि हात काळे करणं हे आपलं काम नव्हे ही जुनी समजूत होतीच. स्कूटरने ती काही वर्षं मोडली होती. सरोजिनीनगरच्या कारखान्यातून 1997 मध्ये शेवटची स्कूटर निघाली. त्यानंतर फक्त तीनचाकी बनत राहिल्या, आणि जानेवारी 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कारखाना बंद करायला मंजुरी दिली. त्या स्कूटरींच्या कापडी पिशव्या कधीच्या फाटल्या असतील. त्यांतले दहा-अकरा आणि तेरा-चौदा मात्र अजून फिरताहेत.

तेव्हा कधी रविवारी नखासला जाणं झालंच, तर खिशात आपल्या गाडीचा एक नट घेऊन जा. आकडा वाचू नका, पाना त्यावर बसवून बघा. डुलला तर परत ढिगात टाका, आणि जॅक विकत घेऊ नका.